आधी हात दे

दिवाळीच्या सुट्टीत बहिणीची मुलं आमच्याकडे येतात. मोठा यंदा बारा वर्षांचा झाला. त्याच्या हातात आता मोबाईल आहे, आणि दिवसभर दिवाणावर पालथा पडून तो एक गेम खेळत असतो. एका दुपारी मी त्याच्या शेजारी बसून बघत राहिलो. डोंगराच्या पोटात कोरलेलं एक जुनं, पडकं शहर. कधीकाळी तिथे मोठी बादशाहत होती म्हणे. आता खांब आहेत, तुटके पुतळे आहेत आणि अंधार आहे. भिंतीतून भाले बाहेर येतात, पायाखालची फरशी खचते, कोपऱ्यातून हाडांचे सापळे उठून चालायला लागतात. सगळ्यात शेवटच्या दालनात खजिना.

भाच्याच्या शिपायाबरोबर एक भाडोत्री सोबती होता. पाठीवर गाठोडं, हातात मशाल. नवं दालन आलं की भाचा आपल्या शिपायाला दारातच थांबवायचा आणि त्या मशालवाल्याला आत ढकलायचा. एकदा छत कोसळलं आणि मशालवाला खाली गाडला गेला. भाचा निवांत.

"अरे, तो मेला की!" मी म्हणालो.

"मामू, पयले इसकोच भेजने का. मरा तो मरा. दस सिक्के में दुसरा मिलता."

त्यानं दहा सिक्के मोजले. खरंच, दुसरा मिळाला.

मी हसलो आणि उठलो. पण ते वाक्य काही दिवस डोक्यातून गेलं नाही. असं वाक्य आपण आधी कुठेतरी ऐकलंय असं वाटत राहिलं. गेममध्ये नव्हे, गोष्टीत. आणि गोष्टीत ते इतकं उघडं म्हटलेलं नव्हतं.

आमच्या लहानपणी घरी वर्षातून एकदा गोदडीवाली खाला यायची. जुनी लुगडी, सदरे, फाटक्या चादरी अम्मी वर्षभर साठवून ठेवायची. खाला अंगणात लिंबाखाली ते सगळं पसरायची, थर लावायची आणि चार-पाच दिवस टाके घालत बसायची. तिला जवळचं दिसत नव्हतं, म्हणून सुईत दोरा ओवायचं काम आम्हा पोरांचं. त्याची मजुरी म्हणजे गोष्ट. एका दोऱ्याला गोष्टीचा एक तुकडा. दोरा संपला की गोष्ट थांबायची, आणि आम्ही पुढचा दोरा घेऊन तयार.

तिची आवडती गोष्ट अल्लाउद्दीनची. तुम्हालाही माहीत आहे, पण मी थोडक्यात सांगतो, कारण या गोष्टीतली गुहा बहुतेकांच्या आठवणीत धूसर झालेली असते. दिवा आणि जिन तेवढे उरतात.

अल्लाउद्दीन शिंप्याचा पोरगा. बाप मेलेला, आई सूत कातून पोट भरणारी. एके दिवशी मगरिब मुलुखातला एक जादूगार गावात येतो, पोराला मिठी मारून रडतो आणि म्हणतो, मी तुझा चाचा, तुझ्या बापाचा हरवलेला भाऊ. नवे कपडे घेतो, खायला घालतो, दुकान काढून देतो म्हणतो. मग फिरायला म्हणून त्याला गावाबाहेर दोन डोंगरांच्या मध्ये नेतो. तिथे आग पेटवतो, धूप टाकतो. जमीन दुभंगते आणि खाली कडी लावलेला एक दगड दिसतो. तो दगड दुसऱ्या कुणाला हलणार नाही; अल्लाउद्दीननं आपल्या बापाचं आणि आजोबांचं नाव घेऊन ओढला तरच उचलला जाईल. म्हणजे विद्या जादूगाराची, पण नाव लागणार गरीब पोराच्या घराण्याचं.

खाली पायऱ्या. तीन दालनं, सोन्यारुप्यानं भरलेले रांजण. त्यांना हात लावायचा नाही. भिंतीला कपडासुद्धा घासू द्यायचा नाही, घासला तर जागच्या जागी मौत. पुढे बाग, जिच्या झाडांना फळांऐवजी रत्नं लागलेली. आणि तिच्याही पुढे कोनाड्यात जळणारा एक साधा दिवा. तो विझवायचा, त्यातलं तेल ओतून टाकायचं आणि दिवा घेऊन परत यायचं.

पोरगा सगळं नीट करतो. भिंतीला घासत नाही, रांजणांना शिवत नाही. येताना फळं तेवढी खिशात भरतो, कारण त्याला ती रंगीत काच वाटते. गुहा त्याला काही करत नाही. तो शेवटच्या पायरीवर येतो आणि खरा धोका तिथे उभा असतो. चाचा म्हणतो, आधी दिवा दे. पोरगा म्हणतो, आधी मला वर घे.

खाला हे सांगताना सुई थांबवायची, आपला सुरकुतलेला हात पुढे करायची आणि म्हणायची, "पयले हात दे. फिर दिया ले."

मग ती दोन्ही हात आपटायची. दगड बंद. आम्ही पोरं दचकून एकमेकांना चिकटायचो. त्या वयातही मला कळलं होतं की भीती अंधाराची नव्हती.

ही गोष्ट अरबी भाषेतल्या हजार रात्रींपैकी एक, असं आपण धरून चालतो. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणल्या, पुढे गौरी देशपांडे यांनी रिचर्ड बर्टनचा पसारा सोळा खंडांत मराठीत उतरवला, आणि या गोष्टी आपल्या घरच्याच झाल्या. पण अल्लाउद्दीनचा इतिहास वेगळाच आहे, आणि तो मला कळला तेव्हा चाळिशी उलटून गेली होती.

आंत्वान गालाँ नावाचा एक फ्रेंच पंडित होता. अरबी, फारसी, तुर्की जाणणारा. त्याच्याकडे सीरियातून आलेलं हजार रात्रींचं जुनं हस्तलिखित होतं. १७०४ पासून त्यानं त्या गोष्टी फ्रेंचमध्ये छापायला सुरुवात केली आणि पॅरिस वेडं झालं. लोक पुढच्या खंडाची वाट बघू लागले. पण हस्तलिखितातल्या रात्री संपल्या. त्यात अल्लाउद्दीन नव्हता, अलीबाबाही नव्हता. आजवर गालाँच्या आधीचं, अल्लाउद्दीनची गोष्ट असलेलं एकही अरबी हस्तलिखित सापडलेलं नाही. नंतर जी पुढे आली ती गालाँच्या फ्रेंचवरूनच उलट अरबीत केलेली निघाली.

मग ही गोष्ट आली कुठून? १७०९ च्या वसंतात पॅरिसमध्ये गालाँची एका तरुणाशी ओळख झाली. त्याचं नाव हन्ना दियाब. हन्ना हे तिकडे पुरुषाचं नाव. अलेप्पोचा, मॅरोनाइट ख्रिस्ती घरातला, वय विशीच्या आसपास. मे महिन्यात त्यानं गालाँला अल्लाउद्दीनची गोष्ट सांगितली. त्याच महिन्यात अलीबाबाची. "तिळा तिळा दार उघड" म्हणत आपण ज्या गुहेच्या दाराशी लहानपणी उभे राहिलो ती गुहाही त्याचीच. डझनाहून जास्त गोष्टी त्यानं सांगितल्या. गालाँनं आपल्या रोजनिशीत त्याची नोंद केली. पण बारा खंडांच्या छापील ग्रंथात हन्नाचं नाव कुठेच आलं नाही. वाचणाऱ्यांना वाटलं, या गोष्टीही जुन्या पोथीतल्याच.

हन्ना पॅरिसला पोचला कसा, हे आणखी ऐकण्यासारखं आहे. पॉल लुका नावाचा एक फ्रेंच प्रवासी फ्रान्सचा बादशहा चौदावा लुई याच्यासाठी जुनी नाणी, रत्नं, पोथ्या गोळा करत फिरत होता. १७०७ मध्ये अलेप्पोच्या बाजूला त्याला दुभाषा हवा होता. हन्नाला त्यानं सांगितलं, माझ्याबरोबर चल, पॅरिसच्या शाही ग्रंथालयात अरबी पुस्तकांवर तुला नोकरी लावून देतो. पोरगा निघाला. प्रवासाच्या सुरुवातीलाच, इदलिबजवळच्या काफ्तीन गावाच्या परिसरात, लुका जुने अवशेष बघायला गेला. तिथे जमिनीत एक जुनं थडगं होतं, आत उतरायला अंधारं भोक. बरोबरचे लोक बिचकले, आत एखादं जनावर असेल म्हणाले. तेवढ्यात एक शेळ्या राखणारा तिथून चालला होता. लुकानं त्याच्या हातावर एक नाणं ठेवलं आणि त्याला खाली उतरवलं.

त्यानं वर काय आणलं माहीत आहे? एक अंगठी आणि एक दिवा.

हे खुद्द हन्नानं लिहून ठेवलंय. म्हातारपणी, पंचाहत्तरीच्या आसपास, १७६४ च्या सुमारास अलेप्पोत बसून त्यानं आपल्या तरुणपणीच्या प्रवासाची हकीकत अरबीत लिहिली. ते हस्तलिखित व्हॅटिकनच्या ग्रंथालयात होतं. पण सुरुवातीची पानं गहाळ, त्यामुळे लिहिणाऱ्याचं नावच नाही. कित्येक वर्षं ते कुणा अनामिकाचं म्हणून पडून राहिलं. १९९३ मध्ये झेरोम लाँताँ या फ्रेंच अभ्यासकानं ओळखलं की हा तर गालाँच्या रोजनिशीतला हन्ना. अलीकडे त्याची फ्रेंच आणि इंग्रजी भाषांतरं झाली, आणि अभ्यासकांच्या लक्षात आलं की अल्लाउद्दीनच्या गुहेचं तोंड कदाचित काफ्तीनच्या त्या भोकासारखं दिसत असावं.

मी ते पान वाचलं तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. परदेशातून आलेला श्रीमंत माणूस. जमिनीतलं भोक. खाली उतरायला एक गरीब, ज्याच्या जिवाची किंमत एक नाणं. वर आलेल्या वस्तू कुणाच्या पेटीत गेल्या हे सांगायला नको. त्या शेळ्या राखणाऱ्याचं नाव हन्नालाही ठाऊक नव्हतं, किंवा लिहावंसं वाटलं नाही. आणि हे सगळं काठावर उभं राहून बघणारा हन्ना, त्याला कुठे माहीत होतं की आपल्यालाही असंच एका भोकात उतरवलं जाणार आहे. त्याला व्हर्सायच्या महालात नेलं, लांब शेपटीच्या वाळवंटी उंदरांचा पिंजरा हातात देऊन बादशहापुढे उभं केलं. १७०९ च्या त्या भयंकर थंडीत तो पॅरिसमध्ये गारठला. कबूल केलेली नोकरी काही मिळाली नाही. अलेप्पोला परतून त्यानं कापडाचं दुकान टाकलं. त्याच्या हकीकतीत गालाँचं नाव येत नाही. येतो तो एक म्हातारा, जो हजार रात्रींचं भाषांतर करत होता, ज्याला काही रात्री कमी पडत होत्या, आणि ज्याला आपण गोष्टी सांगितल्यावर तो फार खूश झाला. बस. एवढंच. आपल्या गोष्टींनी जग भरून गेलंय याची त्या कापडवाल्याला कल्पना असल्याचं त्याच्या लिहिण्यात कुठे दिसत नाही.

तो मुलूख आजही तसाच जुन्या दगडांनी भरलेला आहे. अलेप्पो आणि इदलिबच्या मधल्या टेकड्यांवर पहिल्या ते सातव्या शतकातली, नंतर ओस पडलेली गावं उभी आहेत: चर्च, घरं, तेलाच्या घाण्या, खडकात खोदलेली थडगी. २०११ मध्ये युनेस्कोनं त्यांना जागतिक वारशात घेतलं. त्याच वर्षी युद्ध पेटलं, आणि २०१३ मध्ये ती धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेली. पुढच्या वर्षांत विमानांच्या भीतीनं परागंदा झालेली कुटुंबं या पडक्या भिंतींत आणि थडग्यांत राहायला आली. म्हणजे ज्या अंधारात उतरायला हन्नाच्या सोबतचे लोक घाबरत होते, तिथे आयांनी लेकरांना घेऊन चुली मांडल्या. तिथेही अंधार सुरक्षित होता. मौत वरून येत होती.

आता माझ्या स्वतःच्या गुहेकडे येतो. हे लिहायचं मी टाळत होतो.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकात माझी एक कथा छापून आली. एक अनाथ पोरगा, गावाबाहेरची पडकी बारव, गुप्तधनाच्या मागे लागलेला एक पाहुणा. पोरगा खाली उतरतो, आणि वर येताना पाहुण्याला म्हणतो, "आधी हात दे. मग दिवा घे." त्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. दोनशे एक रुपये आणि प्रमाणपत्र. परीक्षकांनी व्यासपीठावर त्या एका वाक्याचं कौतुक केलं. एवढं साधं आणि एवढं अर्थपूर्ण वाक्य एका तरुण लेखकाला सुचलं, असं म्हणाले. मी मान खाली घालून हसलो. लोकांना तो विनय वाटला.

तेव्हा गोदडीवाली खाला हयात होती. आमच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून राहत होती. मी अंक घेऊन तिच्याकडे गेलो नाही. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून चोरी पकडली जाण्याची भीतीही नव्हती. खरं सांगायचं तर तेव्हा मला ती चोरी वाटलीच नाही. गोष्टी काय, त्या कुणाच्याही असतात. गालाँलाही असंच वाटलं असेल. त्यानं निदान रोजनिशीत नाव लिहिलं होतं. मी तेही केलं नाही.

आणि त्या कथेतली बारवसुद्धा माझी नव्हती. ती अब्बांची होती.

आमचे अब्बा तरुणपणी विहिरीवर मजुरीला जायचे. मुरूम फोडणं, सुरुंगाची भोकं पाडणं, उन्हाळ्यात जुन्या विहिरींचा गाळ काढणं. नव्या विहिरीची मजुरी परसावर ठरायची, गाळ काढायची रोजावर. ते सांगायचे, नवी विहीर बरी, जुनी वाईट. वर्षानुवर्षं न उपसलेल्या विहिरीच्या तळाशी खराब हवा साठते. तिला वास नसतो, रंग नसतो. म्हणून उतरण्याआधी दोराला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरणार. विझला तर नाही. सगळ्याच विषारी हवा कंदिलाला कळतात असं नाही, हे मी मोठेपणी वाचलं. पण त्यांच्याकडे तेवढंच यंत्र होतं. गुहेत दिवा असतो तो कशासाठी, याचं अब्बांचं उत्तर वेगळं होतं. दिवा जिन काढण्यासाठी नव्हता, माणूस परत वर येण्यासाठी होता.

एका वर्षी दुष्काळात त्यांना एका मोठ्या शेतकऱ्यानं बोलावलं. रानात जुनी बारव होती, दगडी पायऱ्यांची, कोनाड्यांची, अर्धी बुजलेली. गाळ काढायचा असं ठरलं. आठ-दहा दिवसांनी अब्बांच्या ध्यानात आलं की मालकाला पाणी नको आहे. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की तळाच्या कोनाड्यामागे भुयार आहे आणि भुयारात धनाचे हंडे आहेत. नाग राखण करतो, वगैरे. अकराव्या दिवशी कोनाड्याचा दगड निघाला. मागे खरंच पोकळी होती. अब्बांनी कंदील आत सरकवला. हातभर गेला आणि विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. ते वर आले आणि म्हणाले, मी आत जाणार नाही.

मालक म्हणाला, भितोस काय? आतून मुठभर काहीतरी आण, मग हिशेब करू.

अब्बा गेले नाहीत. त्यांना मजुरीही मिळाली नाही. काम पुरं झालं नाही, मग पैसे कशाचे? पुढे त्या भुयारात कुणी उतरलं की नाही, अब्बांना माहीत नाही. ते त्या वाटेला पुन्हा गेले नाहीत. त्या पावसाळ्यानंतर त्यांनी विहिरीचं काम सोडलं आणि भाजीची गाडी लावली.

दुसरा कुणी मिळालाही असेल. दुसरा मिळतोच. शहरांत आजही गटाराच्या झाकणातून माणसं खाली उतरवली जातात. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय असं उतरवण्यावर बंदी आहे. मेलेल्याच्या घरच्यांना द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये दहा लाख ठरवली, २०२३ मध्ये तीस लाख केली. आकडा वाढतो, ते चांगलंच. पण रकमा वाढवत न्यावं लागतं, याचा अर्थ झाकणाशी अजून कुणीतरी उभं राहून खाली बोट दाखवतंय.

गुहेच्या तोंडाशी दगड येऊन पडण्याची आणखी एक हकीकत आपल्याला माहीत आहे. ती हदीसमध्ये आहे, बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही संग्रहांत. तीन मुसाफिर पावसात एका गुहेत आसऱ्याला शिरतात आणि डोंगरावरून दरड येऊन तोंड बंद होतं. तिघे ठरवतात की आपापल्या आयुष्यातलं, केवळ अल्लाहसाठी केलेलं एखादं काम आठवून दुआ मागायची. एकानं म्हाताऱ्या आईबापांची सेवा आठवली. दुसऱ्यानं ऐन वेळी स्वतःला आवरून एका स्त्रीची अब्रू राखली होती ते आठवलं. दगड सरकला, पण बाहेर पडण्याइतका नाही.

तिसऱ्याचं काम ऐका. त्याच्याकडे एक मजूर होता, जो आपली धान्याची मजुरी न घेताच निघून गेला. या माणसानं ते धान्य खाल्लं नाही, पेरलं. पीक आलं, त्यातून गुरं झाली, गुरांना राखणारा झाला. काही वर्षांनी मजूर परत आला आणि आपले तेवढे दाणे मागू लागला. मालक म्हणाला, ती सगळी गुरं तुझी. मजूर म्हणाला, थट्टा करू नका. मालक म्हणाला, थट्टा नाही, घेऊन जा. आणि तो सगळी घेऊन गेला, एकही मागे न ठेवता. हे आठवून तिसऱ्यानं दुआ मागितली, तेव्हा दगड पूर्ण हटला.

जुम्याच्या बयानात मी ही हकीकत कितीदा ऐकली असेल. पण दगड शेवटी कशानं हटला, याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. कुठला मंत्र नाही, अंगठी नाही, तीळ नाही. मजुराची मजुरी. तीही नुसती मूळ रक्कम नव्हे, तिच्यातून जे जे वाढलं ते सगळं.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी मी अम्मीला विचारलं, गोदडीवाल्या खालाचं नाव काय होतं?

अम्मी विचारात पडली. "नाव? खालाच म्हणायचो की सगळे." मोहल्ल्यातल्या दोन म्हाताऱ्यांना विचारलं. एकीनं तिला अमक्याची सासू म्हणून ओळखलं, दुसरीनं तमक्याची अम्मा म्हणून. तिच्या मुलानं घर विकून शहर गाठलं त्याला वीस वर्षं झाली. कबरस्तानात तिची कबर कुठली हेही नक्की कुणाला सांगता आलं नाही. पंचवीसेक वर्षं तिनं शिवलेल्या गोदड्या पांघरून हा मोहल्ला झोपला, आणि तिचं नाव एकाला आठवत नाही. हन्नाच्या पोथीची निदान पुढची पानं शिल्लक होती.

म्हणून इथे एवढंच लिहून ठेवतो. माझ्या त्या बक्षीसपात्र कथेतलं सगळ्यात चांगलं वाक्य माझं नव्हतं. ते आमच्या अंगणात लिंबाखाली बसून गोदडी शिवणाऱ्या एका बाईचं होतं. दोनशे एक रुपये तिचे होते, आणि त्यानंतर लेखक म्हणून मला जे काही मिळालं त्यातलाही काही वाटा तिचा आहे. तिच्या मुलाचा पत्ता मी शोधतोय. मिळाला तर जाईन. त्यानं मला थट्टा करू नका म्हटलं तर काय बोलायचं, ते अजून ठरलेलं नाही.

त्या रात्री जेवताना मी भाच्याला त्याच्या नानांच्या बारवेची गोष्ट सांगितली. गेम बाजूला ठेवून त्यानं ऐकली. कंदील विझला तिथे त्याचे डोळे मोठे झाले. पूर्ण ऐकून झाल्यावर तो अब्बांकडे वळला.

"नाना, फिर पैसे मिले क्या आपको?"

अब्बांचं वय आता ऐंशीच्या पुढे आहे. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. नातवंडांची नावं उलटसुलट घेतात. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"ग्यारा दिन," ते म्हणाले. "पच्चीस के हिसाब से दो सौ पचहत्तर. बाकी है अबी."